चौदाशे त्र्याऐंशीचं काय करायचं

नवरा आज कुठल्या तालात घरी येणार हे कळायला मला त्याचं तोंड बघावं लागत नाही. शिवणाच्या मशीनवरून मान वर करायची आणि रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानाकडे बघायचं. काचेच्या कपाटात, फ्रेमांच्या दोन रांगांच्या मधोमध, एक काळी पाटी उभी असते. तिच्यावर खडूने एक आकडा, आकड्याखाली त्याचे मूळ अवयव. आणि आकड्याच्या डोक्यावर 'उच्चांक' असं लिहिलेलं असलं की समजायचं, आज स्वारी शीळ घालत येणार.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं ती चष्म्याची किंमत आहे. एकदा एक बाई तरातरा आत गेल्या आणि म्हणाल्या, "एक्केचाळीस कोटींचा चष्मा? आणि वर 'उच्चांक' लिहिताय? लाज कशी वाटत नाही तुम्हाला!" त्यांना खेळ समजावून सांगता सांगता दुपार गेली. शेवटी बाई चष्मा न घेताच गेल्या, पण जाताना म्हणाल्या, "पुढचा किती आला ते सांगा हं."

खेळ सोपा आहे, मलासुद्धा येतो. एक आकडा धरायचा. त्याला निःशेष भाग जाईल असे त्याच्याहून लहान सगळे आकडे मांडायचे आणि त्यांची बेरीज करायची. ती बेरीज हा पुढचा आकडा. समजा, बारा. बाराला एक, दोन, तीन, चार आणि सहानं भाग जातो. बेरीज सोळा. सोळाचे एक, दोन, चार, आठ, म्हणजे पंधरा. पंधराचे नऊ, नवाचे चार, चाराचे तीन. तीन ही मूळ संख्या, तिला एकाशिवाय लहान असं कोणी भागत नाही, म्हणून पुढे एक. एक आला की खेळ खलास. बारा बिचारा चहा उकळेपर्यंत संपतो. पण काही आकडे असे नाठाळ असतात की चढतच जातात. चढता चढता आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा आकडा आला, की तो उच्चांक.

हा खेळ खेळणारे दोघे. एक आमचे हे. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतला, निवृत्त झाल्यावर तेच काम घरी फुकटात करायला लागले. दुसरे चष्मेवाले भाऊजी, यांचे शाळेतल्या बाकापासूनचे मित्र. खाली दुकान, वर दोन खोल्या, वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दूर मोठ्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत.

त्यांचे नियमही ठरलेले. कॅल्क्युलेटर बंद. कॉम्प्युटर बंद. या विषयावर कुठेही काही वाचायचं नाही, कारण यांच्या मते कोडं सोडवताना शेवटचं पान बघतो तो माणूसच नव्हे. आणि सगळ्यात कडक नियम असा, की आकडा दोघांनी वेगवेगळा फोडायचा. दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशी एकेक मूळ संख्या घेऊन भाग देत बसायचं. दोघांचे अवयव तंतोतंत जुळले आणि दोघांनी 'पास' म्हटलं, तरच आकडा पाटीवर चढणार. छापखान्यातली सवय, दुसरं काय. एका डोळ्यानं वाचलेलं मुद्रित म्हणजे न वाचलेलं, असं हे म्हणतात.

उच्चांकाच्या दिवशी बेकरीतून केकचे तीन तुकडे यायचे, तिसरा माझा. मी पण काही कच्च्या गुरूची चेली नाही. ओव्हरलॉकचं मशीन, लेकीचं पुढचं शिक्षण, खोलीचा रंग, जे काही मंजूर करून घ्यायचं ते मी उच्चांकाच्या संध्याकाळी करून घेतलं. केक तोंडात असताना माणसाला 'नाही' म्हणता येत नाही.

असा तो आकडा वर्षानुवर्षं चढला, नऊ आकड्यांपर्यंत गेला. आणि मग घसरायला लागला. आधी हळूहळू, मग घरंगळत. हे चिडचिडे झाले, ते मला समजत होतं. केक बंद झाला होता. पण भाऊजी का सुकत चाललेत ते कळेना. आकडा जितका खाली, तितकी त्यांची मान खाली. एकदा मी म्हटलंसुद्धा, "भाऊजी, आकडाच आहे हो, संपला तर संपला. दुसरा धरा." ते नुसते हसले आणि काच पुसत बसले.

बासष्टशे अठरा झाले. एकतीसशे बारा झाले. मग सत्तावीसशे अडतीस. त्याचे दोघांचे अवयव जुळले: दोन, सदतीस आणि पुन्हा सदतीस. लहान भागणारे मांडून बेरीज आली १४८३.

त्या दिवशी हे दुकानातून घरी आले ते उड्या मारतच. टेबलावर पाव तासात बारा भागाकार केले, पेन्सिल कानावर ठेवली आणि ओरडले, "अगं ए, मूळ आहे! चौदाशे त्र्याऐंशी मूळ आहे! म्हणजे पुढे एक! संपवला आम्ही, संपवला!"

मला वाटलं, माणूस रडेल. इतक्या वर्षांचा खेळ संपला म्हणून. कसलं काय, हे केक आणायला निघालेसुद्धा. मुद्रितशोधकाला शेवटच्या पानाइतकं प्रिय काही नसतं. केकचे तीन तुकडे घेऊन हे रस्ता ओलांडून गेले आणि तिन्ही तुकडे घेऊन परत आले.

"काय झालं?"

"म्हणतो, माझं तपासून व्हायचंय."

"मग होईल की उद्या."

उद्या झालं नाही. परवा झालं नाही. केक आम्ही दोघांनी खाल्ला. आठवडा गेला. हे रोज सकाळी जायचे, भाऊजी म्हणायचे, "बघतोय रे, गिऱ्हाईक होतं." दुसरा आठवडा, "डोकं दुखत होतं." तिसऱ्या आठवड्यात यांच्या नाकावरचा राग डोक्यात गेला. त्या दिवशी मी तिथेच होते, माझ्या चष्म्याची दांडी बसवायला गेले होते. खुर्चीत एक गिऱ्हाईक बसलेलं, एक डोळा झाकून, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत.

"बारा भागाकार!" हे दारातूनच कडाडले. "दोनपासून सदतीसपर्यंत मोजून बारा! त्यापुढे बघायची गरजसुद्धा नाही! शाळेतलं पोर मधल्या सुट्टीत करेल. तुला तीन आठवडे?"

"तेविसाला अडलोय," भाऊजी पुटपुटले.

"तेविसाला? तेवीस गुणिले चौसष्ट, चौदाशे बहात्तर! बाकी अकरा! त्यात अडतं काय तुझं?"

"बरोबर आहे हो," गिऱ्हाईक एक डोळा झाकूनच म्हणालं, "बाकी अकराच येते. आणि साहेब, मला खालची ओळ दिसत नाहीये."

"याला वरचीही दिसत नाही!" हे गरजले. "अरे, नऊ आकडी संख्या चिंचोक्यासारख्या फोडणारा माणूस तू! तुझ्या डोक्याला गंज चढलाय गंज. होत नसेल तर सांग तसं, आणि दुकान बंद करून घरी बस!"

भाऊजींच्या हातातली काच तशीच राहिली. "तेही होईल," एवढंच म्हणाले.

मला ते चमत्कारिक वाटलं. भाऊजी एरवी यांना उलट शिव्या मोजून देतात, एकाला दोन. पण हे तोवर पाय आपटत बाहेर पडले होते, आणि माझी दांडी तशीच लोंबकळत होती.

मग आली माझी खरी पंचाईत. आजवर हा माणूस सकाळी नवाला समोर जायचा आणि दिवसभर तिथे असायचा. आता दिवसभर माझ्या शिवणाच्या खोलीत. तोंडाचा चंबू करून कोपऱ्यात बसायचे आणि चुका काढायचे. माझ्या टाक्यांच्या काढल्या, मी गप्प बसले. मग गिऱ्हाइकांच्या काढायला लागले. एक जुनी बाई माप द्यायला आली. मी टेप लावते तोच हे कोपऱ्यातून म्हणाले, "मागच्या वेळी छत्तीस होतं. आता अडतीस आहे. कुठलं तरी एक चूक आहे." बाई जी गेली ती अजून फिरकलेली नाही.

"अहो, जा ना समोर," मी हात जोडले. "नका बोलू आकड्यावर. हवापाण्यावर बोला."

"हवापाण्यावर मी अनोळखी माणसाशी बोलतो," हे म्हणाले. "त्याच्याशी काय बोलू?"

त्यावर मला राग येईना. या माणसाला जगात दुसरा मित्र नाही. उठसूट चुका काढणाऱ्याला कुठून मिळणार? एक तो चष्मेवाला होता, जो चूक दाखवली की म्हणायचा, "अरे हो की, बरं झालं बघितलंस." रात्री ताटावर बसून हे भाताची शितं बोटानं इकडून तिकडे करायचे. मूळ संख्या आहे का बघत असावेत.

आणि एका दुपारी भाऊजींचा मुलगा माझ्या दारात उभा. गुणी पोरगा, लहानपणी माझ्या मशीनचं पायडल मारायला धडपडायचा. हातात पिशवी, पिशवीत भाऊजींच्या चार पँटी.

"काकू, कंबर आत घ्यायचीय. बाबा बारीक झालेत. नवीन ठिकाणी जरा नीटनेटके दिसू देत."

"कुठल्या नवीन ठिकाणी रे?"

"माझ्याकडे. तुम्हाला बोलले नाहीत?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मी तीन वर्षं मागे लागलोय. एकटेच राहतात, जिन्यावरून दोनदा घसरले. रात्री फोन उचलला नाही की माझ्या जिवाला घोर. पण ऐकतात कुठे! दर वेळी एकच, 'आमचा आकडा चालू आहे, तो संपला की येतो.' मी म्हटलं, ठीक, वचन द्या. दिलं. तेव्हा तो चढतच होता ना, काकू. आता म्हणे चौदाशेवर आलाय. तुम्हाला काय वाटतं, या महिन्यात संपेल?"

सुई बोटात गेली माझ्या. त्याला वाटलं मी सुईमुळेच 'आई गं' म्हटलं.

तो गेला तशी मी उठले आणि तडक समोर गेले. दुकानात कोणी नव्हतं. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"दांडी बसवायची राहिली, वहिनी," भाऊजी म्हणाले.

"दांडी राहू द्या. तेविसाला अडलाय ना तुम्ही? मग माझ्यासमोर करा भागाकार. मी मोजते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या स्टुलावर बसले. आपलाच चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. इतरांना हे कापड वापरा, ते कापड वापरा म्हणून सांगणारा माणूस.

"मूळ आहे, वहिनी," ते म्हणाले. "तो बेरीज वाचत होता तेव्हाच कळलं. तो रस्ता ओलांडून घरी पोचायच्या आत माझं तपासून झालं होतं."

"मग म्हणायचं पास! आणि पोराला म्हणायचं, नाही येत!"

"त्याला वचन दिलंय. आणि तो वाईट काही सांगत नाही हो, काळजीनंच सांगतो. पास म्हटलं की उठायचं आणि जायचं. तिथे बाराव्या मजल्यावर खोली आहे, म्हणे खिडकीतून फार लांबचं दिसतं." मग म्हणाले, "मला लांबचं बघून काय करायचंय? मला रस्त्यापलीकडचं दिसलं की पुरे."

"यांना का नाही सांगितलंत?"

"तो ओरडेल."

"आता काय गातोय?"

ते हसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. दोघांनी एकमेकांना चष्म्याचं कापड पुढे केलं.

घरी येऊन मी आधी लेकीला फोन लावला. ती कॉलेजात गणित शिकवते. या दोघांच्या मांडीवर खेळली, दुसरं काय शिकणार? सगळं सांगितलं. म्हटलं, "मला असा एखादा आकडा सांग, जो लवकर संपायचा नाही. भाऊजींना दोन-तीन वर्षं तरी पुरला पाहिजे."

पलीकडून आधी हसण्याचाच आवाज आला. "आई, दोनशे शहात्तर."

"एवढासा? अगं, मोठा सांग काहीतरी."

"लहान दिसतो म्हणूनच सांगतेय. याच खेळात दोनशे शहात्तरचा शेवट आजवर जगात कोणाला सापडलेला नाही. मोठमोठे कॉम्प्युटर लावून झाले, आकडा केवढाच्या केवढा झाला, पण संपतो की नाही हेच कोणाला ठाऊक नाही. त्याहून लहान जेवढे आहेत त्या सगळ्यांचं काय होतं ते कळलंय. अडलंय ते इथेच पहिल्यांदा."

"संपणारच नाही?"

"तसंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. उद्यासुद्धा संपेल. पण बाबांना आणि काकांना पेन्सिलीनं? आई, तू निवांत राहा."

मग राहिले हे. यांना भाऊजींचं सगळं सांगितलं. दोनशे शहात्तरचं मात्र फक्त नाव सांगितलं, पुढचं पोटात ठेवलं. म्हटलं, नवा आकडा आहे, लेकीनं सुचवलाय. ऐकून घेतल्यावर हे बराच वेळ मापाची टेप गुंडाळत बसले, उलगडत बसले.

"गाढव आहे," शेवटी म्हणाले. "मला म्हणायचं ना. मी नसतं विचारलं. वर्षभर नसतं विचारलं."

"तुम्ही? तुम्ही तीन आठवड्यांत दुकान बंद करायला सांगितलंत त्यांना."

यांचं तोंड एवढंसं झालं. मग लगेच मान ताठ. "पण एक सांगून ठेवतो. चौदाशे त्र्याऐंशी मूळ आहे म्हणजे आहे. मैत्रीखातर मी त्याला भाग जातो असं म्हणणार नाही. पाटीवर एक लिहावाच लागेल."

"लिहा ना. कोण नको म्हणतंय? रविवारी लिहा, मुलगा आहे तोवर. त्याच्यासमोर."

हे उठले, चपला घातल्या, आणि एवढ्या आठवड्यांनी रस्ता ओलांडला. मी मशीनवरून बघत होते. दारात दोघं समोरासमोर उभे राहिले. ऐकू काही आलं नाही. पण भाऊजींचे हात हवेत हलले, यांचेही हलले, आणि मला कळलं की एकाला दोन शिव्यांचा हिशेब पुन्हा सुरू झालाय. जीव भांड्यात पडला.

रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला. मुलगा बॅग भरूनच आला होता. पाटी आमच्या टेबलावर आणून ठेवली होती. भाऊजी उभे राहिले, घसा खाकरला, म्हणाले, "चौदाशे त्र्याऐंशी. मूळ. पास."

"पास," हे म्हणाले. 

भाऊजींनी पाटीवर एक लिहिला. तेवढा बारीक एक मी कोणाला काढताना पाहिलेला नाही.

"चला!" मुलानं टाळी वाजवली. मग दोघांकडे बघून त्याची टाळी अर्धवट राहिली. "बाबा, मी काही तुम्हाला तुरुंगात नेत नाहीये हो."

"नाही रे. वचन म्हणजे वचन. येतोय ना मी."

आता माझी पाळी होती. मी वाढता वाढता म्हटलं, "जा की. फक्त एक घोळ झालाय. या दोघांनी परवाच दुसरा आकडा ठरवलाय. आता तो तसाच टाकून जायचं म्हणजे दोघांनाही झोप नाही लागायची. तुझ्याकडे बाराव्या मजल्यावर रात्रभर येरझाऱ्या घालतील."

"कुठला आकडा?" मुलगा सावध झाला.

"दोनशे शहात्तर."

"एवढाच?" तो मोठ्यानं हसला. लहानपणी पायडल मारताना हसायचा तसाच. "काकू, घाबरवलंत की. हा मी आत्ता संपवून देतो. बाबा, ऐका, हा संपला की निघायचं. मग मात्र तिसरा नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. दुसरं कोणी तोंड उघडायच्या आत.

भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि फार वेळ पुसत राहिले. त्यांनी कधी कुठे दोनशे शहात्तरबद्दल ऐकलं होतं की काय, देव जाणे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पोरानं लॅपटॉप उघडला, पाच मिनिटं टकटक केली आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावायला लागले.

"ए, बघू नको!" हे किंचाळले आणि डोळ्यांवर हात घेतले. "शेवटचं पान! शेवटचं पान बघतोय हा गाढवाचा! पाठ कर रे, पाठ कर!" दोघं म्हातारे खुर्च्या फिरवून लॅपटॉपकडे पाठ करून बसले आणि जेवण राहिलं बाजूला, पेन्सिली काढल्या.

"तीनशे शहाण्णव," हे म्हणाले. "उच्चांक."

"पास. सहाशे शहाण्णव. उच्चांक."

"पास! अकराशे चार! अरे, हा तर चढतोय लेका!"

इकडे पोराच्या लॅपटॉपचा पंखा माझ्या जुन्या मशीनसारखा घरघरायला लागला. आधी भराभर येणारे आकडे थांबून थांबून यायला लागले, आणि एकेक असा लांबलचक, की ओळीत मावेना. "थोडा वेळ लागेल," पोरगा म्हणाला. आमटीभात झाला. "प्रोग्राम नीट लिहायला हवा होता," म्हणाला. ताटं उचलली. पडद्यावर एकच आकडा केव्हाचा घट्ट बसून होता. मग त्यानं हळूच फोन काढला आणि काहीतरी शोधलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं.

मी भाऊजींची पँट मांडीवर घेऊन टाके उसवत बसले होते.

"काकू," तो म्हणाला.

"काय रे?"

"तुम्हाला माहीत होतं."

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "जिन्याला कठडा बसवून घेते. रात्रीचं जेवण आजपासून आमच्याकडे, दोघं एका ताटावर भांडत का होईना जेवतील. आणि रोज रात्री तुला फोन करायला लावीन. ते विसरले तर मी करेन."

त्यानं फोन खाली ठेवला. वळून बापाकडे बघत राहिला. भाऊजी टेबलावर वाकले होते, कानामागे एक पेन्सिल, हातात दुसरी, आणि यांना सांगत होते, "अडतीसशे नव्हे रे, सदतीसशे नव्वद! डोळे तपासून घे, फुकट तपासतो!" आणि आमचे हे, जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढलेला माणूस, म्हणाले, "अरे हो की. बरं झालं बघितलंस."

पोरानं लॅपटॉप मिटला. पंखा थांबला तेव्हा कळलं, खोलीत किती गोंगाट होता.

"बाबा," तो म्हणाला, "ठीक आहे. हा संपला की मात्र यायचंच. वचन?"

"वचन," भाऊजी मागे न बघता म्हणाले. आणि पुढचा भागाकार मांडला.

पोरगा बॅग उचलायला वाकला. मी पँट वर धरून दाखवली. "आणि हिचं काय करू रे? कंबर आत घ्यायचीय म्हणालास. घाईची आहे का?"

त्यानं क्षणभर पँटीकडे बघितलं, मग माझ्या पायांशी येऊन बसला, पूर्वी पायडल मारायला बसायचा तसा.

"नाही, काकू," तो म्हणाला. "काही घाई नाही."

काल पाटीवर नवा उच्चांक लागला, केक आला. हे तोंड भरून मला म्हणाले, "बघ तू, पुढच्या वर्षीपर्यंत संपवतो की नाही याला." मी म्हटलं, "संपवा हो," आणि लगे हात नव्या पडद्यांचं कापड मंजूर करून घेतलं.